स्वस्त ग्राफिक्स कार्ड : कोठी मोठी की दार रुंद?



गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत एका शाळेच्या विज्ञान मंडळातील तीन मुले माझ्याकडे आली. मंडळाने वर्षभर घरोघरची रद्दी गोळा करून विकली होती व त्या पैशांतून एका कचेरीतून निघालेला जुना संगणक घेतला होता. त्यावर ‘स्टेलॅरियम’ हा आकाशदर्शनाचा प्रोग्रॅम चालवायचा आणि खालच्या वर्गांतील मुलांना भर पावसाळ्यातही ग्रहतारे दाखवायचे, असा त्यांचा बेत होता. प्रोग्रॅम सुरू झाला. पण आकाश फिरवू लागले की चित्र अडखळत असे. कोणीतरी सल्ला दिला, “ग्राफिक्स कार्ड घाला.” शिल्लक पैशांत बसतील अशी दोन कार्डे मुलांनी हेरून ठेवली होती. त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर लिहिले होते : ‘जीटी ७३०, ४ जीबी’ आणि ‘जीटी १०३०, २ जीबी’.

मुलांचा कल पहिल्या कार्डाकडे होता. चार हे दोनाच्या दुप्पट आहेत, हे सांगायला शिक्षक कशाला हवा? पण पैसे एकदाच खर्च व्हायचे होते, आणि ते वाया गेले असते तर पुन्हा एक वर्ष रद्दी गोळा करावी लागली असती. म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या दिवशी आम्ही जो हिशेब केला, तोच आज तुमच्यापुढे मांडतो. त्याला गुणाकार-भागाकारापलीकडचे गणित लागत नाही.

वीस लाख ठिपके

संगणकाच्या पडद्यावरील चित्र हे बारीक बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. सर्वसाधारण पडद्यावर आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८० पिक्सेल असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० पिक्सेल झाले. प्रत्येक पिक्सेलचा रंग नोंदवायला साधारणपणे ४ बाइट जागा लागते. तेव्हा एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट पुरतात. १ गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट. म्हणजे २ जीबीच्या कार्डातही अशी दोनशेहून अधिक पूर्ण चित्रे मावतील!

मग अडचण कोठे आहे? अडचण आहे ती वेळेची. हालचाल अखंड दिसावी म्हणून पडदा सेकंदाला ६० वेळा नवे चित्र दाखवतो. म्हणजे एक चित्र तयार करायला सेकंदाचा साठावा भाग मिळतो. शिवाय एक पिक्सेल रंगवणे हे एका फटक्यात होणारे काम नाही. त्या जागी कोणती वस्तू पुढे आहे व कोणती मागे, हे पाहावे लागते. वस्तूच्या पृष्ठभागाचे नक्षीचित्र मेमरीतून आणावे लागते. प्रकाश व सावली यांचा हिशेब करावा लागतो. आणि पुष्कळदा आधी रंगवलेला पिक्सेल पुसून पुन्हा रंगवावा लागतो. म्हणून पडद्यावर जरी ४ बाइटच दिसले, तरी त्यांच्यासाठी पडद्यामागे शेकडो बाइटांची ने-आण झालेली असू शकते.

पंगतीचे उदाहरण

ही ने-आण समजण्यासाठी लग्नाच्या पंगतीकडे चला. आत मुदपाकखाना आहे. तेथे आचारी काम करतात. शेजारी कोठी आहे. तीत तांदूळ, डाळ, साखर, तेल भरलेले आहे. कोठीला दार आहे आणि त्या दारातून पोरे सामान आणून आचाऱ्यांना देत आहेत. बाहेर पंगत बसली आहे.

ग्राफिक्स कार्डातही हीच व्यवस्था असते. आचारी म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपवरील शेकडो छोटे गणनाघटक. त्यांना कोअर म्हणतात. कोठी म्हणजे कार्डाची मेमरी. कोठीच्या दाराची रुंदी म्हणजे चिप व मेमरी यांना जोडणाऱ्या तारांची संख्या. ती बिटमध्ये सांगतात. ६४ बिट रुंदी म्हणजे एका वेळी ६४ बिट शेजारी शेजारी जाऊ शकतील असा मार्ग. पोरांच्या पळण्याचा वेग म्हणजे एका तारेवरून एका सेकंदात किती बिट जातात, तो आकडा.

आता विचार करा. कोठी दुप्पट मोठी बांधली, पण दार तेवढेच अरुंद ठेवले आणि पोरे रेंगाळत चालू लागली, तर पंगतीला वाढण लवकर येईल का? मुळीच नाही. आचारी हात बांधून साखरेची वाट पाहत बसतील. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘४ जीबी’ हा आकडा फक्त कोठीचा आकार सांगतो. दाराविषयी तो अवाक्षरही काढत नाही.

दाराचा हिशेब

दारातून सेकंदाला एकूण किती माल जातो, हे काढणे सोपे आहे. दाराची रुंदी गुणिले एका तारेचा वेग भागिले ८. आठाने भागायचे, कारण ८ बिटांचा १ बाइट होतो. येणाऱ्या उत्तराला इंग्रजीत बँडविड्थ म्हणतात; आपण त्याला वहनक्षमता म्हणू.

मुलांच्या चिठ्ठीतील दुसरे कार्ड घ्या. एनव्हिडिया कंपनीने जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली बाजारात आणले. त्याची मेमरी जीडीडीआर५ या जातीची, रुंदी ६४ बिट व एका तारेचा वेग सेकंदाला ६ गिगाबिट, म्हणजे ६०० कोटी बिट. तेव्हा ६४ × ६ ÷ ८ = ४८. म्हणजे वहनक्षमता दर सेकंदास ४८ गिगाबाइट.

आता पहिले कार्ड पाहा. जीटी ७३० हे २०१४ सालचे. गंमत अशी, की या एकाच नावाखाली निदान तीन वेगवेगळी कार्डे निघाली. एकात ९६ कोअर व १२८ बिट रुंदीची डीडीआर३ मेमरी होती. दुसऱ्यात ३८४ कोअर व ६४ बिटांची डीडीआर३. तर तिसऱ्यात ३८४ कोअर व ६४ बिटांची जीडीडीआर५. मुलांनी पाहिलेले ४ जीबीचे कार्ड दुसऱ्या जातीचे होते. त्याच्या तारेचा वेग १.८ गिगाबिट. म्हणून ६४ × १.८ ÷ ८ = १४.४ गिगाबाइट.

एकीकडे ४८ आणि दुसरीकडे १४.४! कोठी दुप्पट, पण दारातून येणारा माल एकतृतीयांशापेक्षाही कमी. हा भागाकार झाला तेव्हा मुलांनी चिठ्ठीवरचे पहिले नाव खोडले.

एक नाव, दोन कार्डे

पण थांबा. दुसऱ्या नावातही एक खाचखळगा आहे. २०१८ साली जीटी १०३० याच नावाचे आणखी एक कार्ड आले. तेही २ जीबीचे, तेही ६४ बिटांचे, त्यातही ३८४ कोअर. फरक एवढाच की त्यात जीडीडीआर५ ऐवजी डीडीआर४ मेमरी बसवली होती. तिच्या तारेचा वेग २.१ गिगाबिट. ६४ × २.१ ÷ ८ = १६.८ गिगाबाइट.

आचारी तितकेच, त्यांच्या हाताचा वेगही फार तर ६ टक्क्यांनी कमी. फक्त पोरे बदलली. त्याचा परिणाम काय होईल, याचा अंदाज आपण बांधू शकतो. समजा, एखाद्या खेळात एका पिक्सेलमागे सरासरी ४०० बाइटांची ने-आण होते. (हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे, प्रत्येक खेळात तो निराळा असतो.) मग एका चित्रासाठी २०,७३,६०० × ४०० म्हणजे सुमारे ८३ कोटी बाइट, अर्थात ०.८३ गिगाबाइट हलवावे लागतील. ४८ ला ०.८३ ने भागले तर सेकंदाला सुमारे ५८ चित्रे मिळतात; १६.८ ला भागले तर अवघी २०. पहिले चित्र सरळ वाहते, दुसरे डोळ्यांना टोचू लागते.

प्रत्यक्ष चाचण्यांत हा फरक तिपटीचा आढळला नाही. पण अनेक खेळांत डीडीआर४ कार्डाची चित्रसंख्या जवळजवळ निम्म्यावर आली. असे का व्हावे? कारण प्रत्येक क्षणी दारच आड येते असे नाही. कधी आचारी कमी पडतात, कधी दार. शिवाय चिपवरच एक छोटीशी मेमरी असते. तिला कॅश म्हणतात. आचाऱ्याने हाताशी ठेवलेल्या डब्यांसारखी ती उपयोगी पडते व कोठीकडच्या काही फेऱ्या वाचवते. भौतिकशास्त्रात आपण आदर्श स्थितीचे गणित मांडतो आणि मग घर्षण, हवेचा रोध यांचा विचार करतो. तसेच हे आहे.

तेव्हा नुसते नाव व जीबी वाचून कार्ड घेऊ नका. खोक्याच्या बाजूला किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात मेमरीची जात आणि बिट-रुंदी बारीक अक्षरांत दिलेली असते. तीच खरी वाचायची जागा. ‘जीडीडीआर’ आणि ‘डीडीआर’ यांत एका अक्षराचा फरक आहे. पण ते अक्षर महागात पडू शकते.

काही कार्डांची तुलना

आता कमी किमतीच्या गटातील काही कार्डे एका ओळीत मांडू. कंसात बाजारात आल्याचे वर्ष आहे. पुढे मेमरीची जात, रुंदी, दर सेकंदाची वहनक्षमता व कंपनीने सांगितलेला विजेचा खप दिला आहे.

जीटी ७३० (२०१४) : डीडीआर३, ६४ बिट, १४.४ गिगाबाइट, २३ वॉट
जीटी ७३० (२०१४) : जीडीडीआर५, ६४ बिट, ४० गिगाबाइट, ३८ वॉट
जीटी १०३० (२०१८) : डीडीआर४, ६४ बिट, १६.८ गिगाबाइट, २० वॉट
जीटी १०३० (२०१७) : जीडीडीआर५, ६४ बिट, ४८ गिगाबाइट, ३० वॉट
जीटीएक्स १६५० (२०१९) : जीडीडीआर५, १२८ बिट, १२८ गिगाबाइट, ७५ वॉट
आरएक्स ६४०० (२०२२) : जीडीडीआर६, ६४ बिट, १२८ गिगाबाइट, ५३ वॉट
आर्क ए३८० (२०२२) : जीडीडीआर६, ९६ बिट, १८६ गिगाबाइट, ७५ वॉट
आरटीएक्स ३०५०, ६ जीबीचे (२०२४) : जीडीडीआर६, ९६ बिट, १६८ गिगाबाइट, ७० वॉट

यांतील आरएक्स हे एएमडी कंपनीचे, आर्क हे इंटेलचे व बाकीची एनव्हिडियाची. या यादीवरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली, केवळ रुंदीवर जाऊ नये. आरएक्स ६४०० चे दार जीटीएक्स १६५० च्या निम्मे आहे. पण त्याची पोरे दुप्पट वेगाने पळतात, म्हणून दोन्हींची वहनक्षमता सारखीच. दुसरी, एकाच पिढीतील कार्डांची तुलना या आकड्याने चांगली होते. वेगवेगळ्या पिढ्यांत मात्र आचारी किती व किती तरबेज, तेही पाहावे लागते. आर्क ए३८० चा आकडा यादीत सर्वांत मोठा आहे, पण म्हणून ते सर्वांत वेगवान ठरत नाही. त्याच्या खालोखाल असलेले आरटीएक्स ३०५० सर्वसाधारणपणे त्याच्या पुढे असते.

कार्ड जुने असेल तर आणखी एक गोष्ट विचारा : त्याचा ड्रायव्हर अजून निघतो का? ड्रायव्हर म्हणजे संगणक व कार्ड यांच्यातील दुभाषा. जीटी ७३० च्या ३८४ कोअरवाल्या पिढीसाठी नव्या खेळांना जुळवून घेणारे ड्रायव्हर काढणे एनव्हिडियाने २०२१ साली थांबवले. दुभाष्याला नवे शब्द शिकवणे बंद झाले, की कार्ड धडधाकट असूनही हळूहळू मागे पडते.

गल्ली आणि वीज

कार्ड चांगले असले तरी ते तुमच्या संगणकाला मानवले पाहिजे. पुन्हा पंगतीकडे चला. कोठीतील साखर संपली तर ती गल्लीतल्या वाण्याकडून आणावी लागते. संगणकात वाण्याचे दुकान म्हणजे मुख्य मेमरी, अर्थात रॅम. आणि गल्ली म्हणजे ज्या खाचेत कार्ड बसते तो पीसीआय एक्सप्रेस मार्ग. आरएक्स ६४०० हे कार्ड या मार्गाच्या फक्त ४ पट्ट्या वापरते. मार्ग चौथ्या आवृत्तीचा असेल तर तेथून सेकंदाला सुमारे ७.९ गिगाबाइट येतात. जुन्या संगणकात तिसरी आवृत्ती असेल तर जेमतेम ३.९. १२८ गिगाबाइटांच्या दारापुढे ही गल्ली किती चिंचोळी आहे, पाहा! म्हणून कोठीतला माल अपुरा पडू लागला, की जुन्या संगणकात हे कार्ड एकदम मंदावते. एवढ्यापुरता कोठीचा आकारही महत्त्वाचा ठरतो. कोठी मोठी नको असे मी म्हणत नाही; कोठी पुरेशी हवी आणि दार तिला साजेसे हवे.

आर्क ए३८० ची अट वेगळी आहे. प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसावी अशी ‘रिसायझेबल बार’ नावाची सोय संगणकात नसेल, तर त्याचा वेग बराच घटतो. जुन्या संगणकांत ही सोय बहुधा नसते.

मग विजेचा प्रश्न. ग्राफिक्स कार्डाच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळू शकते. तिचा मोठा भाग १२ व्होल्टवर येतो. तेथे मर्यादा ५.५ अँपिअरची आहे. १२ × ५.५ = ६६ वॉट. उरलेली ३.३ व्होल्टवर मिळते. याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला संगणकाच्या एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडावी लागते. उदाहरणार्थ, आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाचा खप १०७ वॉट आहे. कचेरीतून निघालेल्या छोट्या संगणकांत पुष्कळदा अशी वायरच नसते. पेटीत उंच कार्ड मावत नाही, हीसुद्धा अडचण असते. खरेदीपूर्वी पेटी उघडून मोजपट्टी लावा, एसएमपीएसवरील चिठ्ठी वाचा. आणि ही सारी वीज शेवटी उष्णतेतच बदलते, हे विसरू नका. ७५ वॉटचे कार्ड म्हणजे पेटीत जुन्या पद्धतीचा एक बल्ब सतत पेटता ठेवल्यासारखे आहे. हवा खेळती हवीच.

कार्ड मुळात हवे का?

हा प्रश्न खरे तर सर्वांत आधी विचारायचा असतो. पुष्कळ प्रोसेसरांच्या पोटातच चित्रे काढणारा भाग असतो. त्याला स्वतःची कोठी नसते. तो वाण्याच्या दुकानातूनच, म्हणजे रॅममधूनच सामान घेतो. म्हणून त्याचे दार म्हणजे रॅमचे दार. संगणकात रॅमची एकच पट्टी असेल तर रुंदी ६४ बिट मिळते. योग्य खाचांत सारख्या दोन पट्ट्या बसवल्या तर १२८ बिट.

एएमडीचा २०२१ सालचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घ्या. त्याला ३.२ गिगाबिट वेगाच्या डीडीआर४ रॅमच्या दोन पट्ट्या दिल्या, तर १२८ × ३.२ ÷ ८ = ५१.२ गिगाबाइट. ही वहनक्षमता प्रोसेसरच्या इतर कामांबरोबर वाटून घ्यावी लागते, हे खरे; पण जीटी १०३० च्या ४८ शी तुलना करा. असा प्रोसेसर असताना सर्वांत स्वस्त कार्डावर पैसे घालणे म्हणजे विहीर असताना घागर विकत आणण्यासारखे आहे. याच हिशेबाने १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या अशा संगणकाला अधिक मानवतात. याउलट, इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाशेवटी ‘एफ’ हे अक्षर असते, उदाहरणार्थ आय३ १२१००एफ, त्यांत चित्रे काढणारा भागच वापरता येत नाही. तेथे कार्ड घ्यावेच लागते.

आता त्या तीन मुलांकडे वळू. त्यांच्या संगणकात २०१३ च्या सुमाराचा, चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर होता व त्याच्या पोटात चित्रांचा भाग होता. मी विचारले, “रॅमच्या पट्ट्या किती?” कोणी पाहिलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी निरोप आला : पट्टी एक, खाच एक रिकामी. रॅम डीडीआर३ जातीची, वेग १.६ गिगाबिट. मुलांनी हिशेबही करून आणला होता. एका पट्टीने ६४ × १.६ ÷ ८ = १२.८, दोन पट्ट्यांनी २५.६. ज्या ‘४ जीबी’च्या कार्डावर ती सारे पैसे खर्च करणार होती, त्याचे दार १४.४ चे होते! त्या कार्डात आचारी अधिक होते, हे कबूल. पण आधी स्वस्त उपाय करून पाहावा असे ठरले. जुन्या बाजारातून तशीच एक पट्टी आणली. खर्च किरकोळ झाला. आकाश आता पूर्वीसारखे अडखळत नाही. अगदी दाट आकाशगंगेकडे वळवले तर अजून थोडे रेंगाळते. उरलेल्या पैशांतून जीडीडीआर५ चे कार्ड घ्यायचे की साधी दुर्बीण, यावर मंडळात वाद चालू आहे. मी त्यात पडलो नाही.

करून पाहा

१. जीटीएक्स १६५० या नावाचे आणखी एक कार्ड २०२० साली आले. त्यात जीडीडीआर६ मेमरी, १२८ बिट रुंदी व १२ गिगाबिट वेग होता. त्याची वहनक्षमता काढा व २०१९ च्या कार्डाशी तुलना करा.

२. एका कार्डाची रुंदी ६४ बिट व वहनक्षमता ४० गिगाबाइट आहे. एका तारेचा वेग किती?

३. तुमच्या शाळेतील संगणकात रॅमच्या पट्ट्या किती आहेत, त्या कोणत्या जातीच्या आहेत, हे शिक्षकांच्या परवानगीने पाहा. पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढायला विसरू नका. रॅमची वहनक्षमता काढा. एखादी खाच रिकामी आढळली, तर शिक्षकांना तो आकडा दुप्पट करून दाखवा.

उत्तरे : (१) १९२ गिगाबाइट, २०१९ च्या कार्डाच्या दीडपट. (२) ५ गिगाबिट.